जुनी गाडी घेताय? इंजिन गरम होण्याआधी पोहोचा!

छत्रपती संभाजीनगर : कापसाचे, मक्याचे पैसे हातात आले किंवा घरात लग्न ठरलं की पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोडकडच्या गावांत एक विषय हमखास निघतो. गाडी घ्यायची. नवी परवडत नाही म्हणून जुनी. मग एखादा पाहुणा शहरातल्या गाडीबाजाराचा पत्ता देतो, कोणी मोबाईलवर फोटो पाठवतो. रविवारी दुपारी चार माणसं मिळून गाडी पाहायला जातात. विकणाऱ्यानं गाडी आधीच चालू करून बाहेर काढून ठेवलेली असते. "दादा, डॉक्टरांची गाडी आहे. सिंगल ओनर. बटण स्टार्ट. रुपयाचं काम नाही." रंग चमकतो, सीटकव्हर नवं, टायर काळेभोर. एक चक्कर होते, इसार दिला जातो आणि गाडी गावात येते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात.

पंधरा-वीस दिवसांनी ऑइल कमी व्हायला लागतं. महिन्याभरात चढाला गाडी दम सोडते. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, डिपस्टिक काढून पाहतो आणि सांगतो, "भाऊ, इंजिन काम निघालं."

टायर, बॅटरी, क्लच प्लेट यांचा खर्च आधी विचारता येतो. इंजिन उघडलं की मात्र आकडा एका जागी थांबत नाही. रिंगा बदलायला जावं तर बोअर झिजलेला निघतो, बोअरचं काम करावं तर बेअरिंग गेलेलं असतं, हेड तर काढावंच लागतं. लहान डिझेल कारचं पूर्ण इंजिन बांधायचं म्हटलं तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो. गाडीच अडीच-तीन लाखांची असेल तर हा दणका घरचं वर्षाचं गणित बिघडवतो.

हे टाळता येतं, आणि त्यासाठी इंजिनातलं फार कळावं लागतं असंही नाही. वरच्या उदाहरणातल्या चार माणसांची मुख्य चूक एकच होती. ते दुपारी गेले, आणि गाडी आधीच गरम होती.

थंड इंजिनच का पाहायचं?

इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये मिनिटाला हजारो वेळा खाली-वर होतो. दोघांमधली बारीक फट पिस्टनच्या रिंगा बंद ठेवतात. इंजिन गरम झालं की धातू फुगतो आणि झिजेमुळे वाढलेली फट थोडी भरून निघते. म्हणजे थंडीत खडखडणारं इंजिन गरम झाल्यावर बऱ्यापैकी शांत वाजू शकतं.

ऑइलचंही तसंच. गाडी रात्रभर उभी राहिली की वरचं ऑइल खाली उतरतं. व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झाले असतील तर तिथून थेंब थेंब ऑइल खाली झिरपतं. सकाळी पहिल्या स्टार्टला ते जळतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. पाच मिनिटांत हा धूर गायबही होतो. कमजोर बॅटरी, डिझेलचे खराब झालेले ग्लो प्लग, ढिली झालेली टायमिंग चेन, गळके इंजेक्टर हे सगळे दोष सकाळच्या पहिल्या मिनिटात उघडे पडतात. गाडी आधीच तापवून ठेवली की यातले बरेचसे झाकले जातात.

म्हणून फोनवरच सांगून ठेवावं, "उद्या सकाळी साडेसातला येतो, गाडी चालू करू नका." शक्य असेल तर सांगितलेल्या वेळेच्या थोडं आधीच पोहोचावं. गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे बॉनेटवर आणि सायलेन्सरच्या तोंडाजवळ हात धरून पाहणं. ऊब लागली तर गाडी तापवलेली आहे. कधी खरंच कामासाठी काढली असेल, तेव्हा एक संधी द्यावी आणि दुसऱ्या दिवशी यावं. दुसऱ्यांदाही गाडी गरमच मिळाली तर त्या गाडीचा नाद सोडलेला बरा.

चावी फिरवण्याआधी

गाडी सपाट जागेवर उभी करून आधी खालची जमीन पाहावी. रात्रभर उभ्या गाडीखाली ऑइलचे काळे डाग किंवा रंगीत पाण्याचे थेंब असतील तर गळती आहे. विकणाऱ्यानं गाडी त्याच सकाळी दुसऱ्या जागेवर हलवली असेल तर आधीच्या जागेवरही नजर टाकावी.

बॉनेट उघडल्यावर इंजिन धुऊन, पॉलिश मारून चकाचक केलेलं दिसलं तर खूश होण्याऐवजी शंका घ्यावी. आपल्याकडच्या धुळीच्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीच्या इंजिनावर धूळ असणारच. कोरडी धूळ चालते. धुळीवर ओलसर, तेलकट थर असेल तर तिथे गॅस्केट किंवा सील गळतंय. ताजं धुतलेलं इंजिन हीच खूण पुसून टाकतं.

त्यानंतर डिपस्टिक. ती बाहेर काढून पुसावी, परत घालावी आणि पुन्हा काढून पाहावी. ऑइलची पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. खूपच कमी असेल तर इंजिन ऑइल पितंय किंवा मालकानं लक्ष दिलेलं नाही. डिझेल गाडीचं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, ते थोड्याच दिवसांत काळं होतं. ऑइल ताकासारखं किंवा दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर मात्र त्यात पाणी गेलेलं आहे. हेड गॅस्केट फुटलं, हेडला तडा गेला किंवा गाडी पाण्यात बुडली, यातलं काहीतरी झालेलं असतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस दिसला आणि डिपस्टिक स्वच्छ असली तर तो कधी कधी फक्त दमटपणा असतो. थंडीच्या दिवसांत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाड्यांत असं होतं. दोन्हीकडे फेस असला तर गाडी सोडावी. झाकणाखाली डांबरासारखा काळा गाळ चिकटलेला असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, एवढं नक्की.

पुढचं रेडिएटर. इथे एक धोक्याची सूचना आहे. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावं. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी दाबानं अंगावर उडतं आणि तोंड-हात भाजतात. आत हिरवं, लाल, निळं किंवा गुलाबी असं स्वच्छ कूलंट दिसायला हवं. गंजलेलं, विटकरी पाणी दिसलं तर गाडी बहुतेक बोअरच्या पाण्यावर चाललेली आहे. बोअरचं पाणी जड असतं. घरातल्या हंड्याला जसा पांढरा थर चढतो, तसाच तो रेडिएटर आणि इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये बसतो. मग उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा इंजिन तापायला लागतं. कूलंटवर तेलाचा तवंग असेल तर पुन्हा हेड गॅस्केटवर संशय घ्यावा.

एअर फिल्टरचं झाकणही उघडून पाहावं. हा फिल्टर फाटका असेल, नीट बसलेला नसेल किंवा त्याच्या पलीकडच्या पाइपात माती दिसत असेल तर ती माती इंजिनात गेली आहे. बारीक धूळ पिस्टनच्या रिंगांना कानस मारल्यासारखी घासते. शेतरस्त्यावर, खडीच्या कामावर चाललेल्या गाड्यांत हा दोष जास्त आढळतो.

पहिली दोन मिनिटं

आता चावी 'ऑन' करावी, पण स्टार्टर मारू नये. मीटरमध्ये चेक इंजिनचा आणि ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन चालू झालं की दोन्ही विझले पाहिजेत. चालू झाल्यावरही दिवा पेटलेला राहिला तर दोष आहे, हे सगळ्यांना कळतं. चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल तर तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. ही युक्ती जुनी आहे आणि अजूनही चालते.

स्टार्टर विकणाऱ्याला मारायला सांगावं, घेणाऱ्यापैकी एकानं सायलेन्सरजवळ आणि एकानं बॉनेटजवळ उभं राहावं. चांगलं इंजिन एक-दोन सेकंदांत पकडतं. फार वेळ घरघर करावी लागली, अॅक्सिलरेटर दाबून धरावा लागला किंवा दोन-तीनदा चावी मारावी लागली तर कारण शोधावं.

सुरू होताच पुढच्या बाजूनं साखळी घासल्यासारखा खळखळ आवाज आला आणि लगेच थांबला नाही, तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर ढिला झालेला असतो. वरून येणारी बारीक, एकसारखी टिकटिक ही टप्पेटची असते. ती फार मोठी बाब नाही, सेटिंगनं बऱ्याचदा जाते. खालून, पोटातून आल्यासारखी ठकठक मात्र बेअरिंगची. अॅक्सिलरेटर दिल्यावर ती वाढत असेल तर पुढं काही पाहू नये, सौदा तिथंच थांबवावा.

काही गाड्यांना चेनऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असतो. तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च घेणाऱ्याच्या डोक्यावर आहे, असं धरूनच चालावं. चालत्या गाडीत हा बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि अख्खं हेड कामाला येतं.

धुराचा रंग ओळखा

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी फक्त पहिल्या स्टार्टला आला तर बहुधा व्हॉल्व्ह सील, हे काम तुलनेनं आवाक्यातलं. चढाला, जोर दिल्यावर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो. हा खर्च मोठा.

पांढरा धूर दोन प्रकारचा असतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पेट्रोल गाडीतून पांढरी वाफ निघते, पाइपातून दोन थेंब पाणीही पडतं. गाडी तापली की हे थांबतं, त्यात दोष नाही. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर कूलंट जळतंय. डिझेल गाडीत थंडीत डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर आला तर ते न जळालेलं डिझेल असतं. कारण ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. जुन्या डिझेल गाडीनं जोरात अॅक्सिलरेटर दिल्यावर थोडा काळा धूर सोडला तर चालतं. साध्या वेगातही काळे लोट निघत असतील तर एअर फिल्टर, इंजेक्टर, टर्बो किंवा त्याचे पाइप तपासावे लागतात. फक्त फिल्टर चोंदलेला असेल तर काम काहीशे रुपयांत भागतं. म्हणून काळा धूर दिसला म्हणून लगेच घाबरू नये, पण कारण कळल्याशिवाय पैसेही देऊ नयेत.

झाकणाची परीक्षा

गावाकडच्या मिस्त्रींची ही जुनी पद्धत आजही कामाला येते. इंजिन संथ चालू असताना ऑइल भरायचं झाकण फिरवून अलगद सैल करायचं. हलका श्वास सोडल्यासारखी हवा आली तर ठीक, डिझेलमध्ये ती थोडी जास्त असते. झाकण थडथड उडत असेल, धुराचे भपकारे येत असतील तर सिलिंडरमधला जळालेला वायू रिंगांच्या फटीतून खाली उतरतोय. मिस्त्री याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. अशा इंजिनाचं काम आज ना उद्या निघतंच.

काही विकणारे अशा इंजिनात जास्त जाड ऑइल किंवा बाजारात मिळणारं घट्ट औषध ओततात. त्यानं धूर आणि आवाज काही दिवस दबतो. डिपस्टिकवरचं ऑइल मधासारखं घट्ट लागलं तर कोणतं ऑइल कधी टाकलं, त्याचं बिल मागावं.

गाडी घाटात न्या

बाजारातल्या बाजारात एक चक्कर मारून काही कळत नाही. निदान अर्धा तास गाडी चालवावी, एसी लावून आणि चार माणसं बसवून. घेणाऱ्याच्या घरात चार-पाच माणसं बसणारच आहेत, तेव्हा परीक्षाही तशीच व्हावी.

आपल्या जिल्ह्यात यासाठी जागांची कमतरता नाही. शहरातली गाडी असेल तर वेरूळकडून खुलताबादकडे चढणारा रस्ता, कन्नडकडच्यांना औट्रम घाट, सिल्लोड-सोयगावकडच्यांना फर्दापूरहून अजिंठ्याकडे येणारा चढ. चढाला तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहायला हवा. काटा वर सरकत असेल तर रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, पंखा किंवा हेड गॅस्केट यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. काही नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तिथे थांबल्यावर बॉनेट उघडून पाणी उकळल्याचा आवाज येतो का, ते ऐकावं.

चढाला गाडी ओढत नसेल तर नीट फरक करावा. इंजिन नुसतं गुरगुरतं, आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच प्लेट घसरतेय. हा खर्च ठरलेला असतो. इंजिनाचा आवाजच वर जात नाही, पिकअप मरतो, तेव्हा दोष टर्बो, इंजेक्टर, फिल्टर किंवा कॉम्प्रेशनमध्ये आहे. मधूनच झटके बसत असतील, म्हणजे गाडी 'मिसिंग' मारत असेल, तर पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग किंवा कॉइलपासून तपासणी सुरू करावी.

घाट उतरताना आणखी एक गोष्ट पाहता येते. गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडून थोडं अंतर उतरावं आणि मग एकदम अॅक्सिलरेटर द्यावा. मागून येणाऱ्या मोटारसायकलवरच्या जोडीदाराला निळा भपका दिसला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड झिजलेले आहेत.

परत आल्यावर गाडी लगेच बंद करू नये. एसी चालू ठेवून दहा मिनिटं उभी ठेवावी. रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो का, ते पाहावं. ऑइल गरम होऊन पातळ झालेलं असतं, त्यामुळे बेअरिंगची ठकठक किंवा ऑइलचा लुकलुकणारा दिवा आता दिसतो. सकाळी थंड इंजिन पाहिलं म्हणून गरम इंजिनाची परीक्षा टाळू नये, दोन्ही लागतात. मग गाडी बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा स्टार्टर मारावा. थंड असताना लगेच सुरू झालेली डिझेल गाडी गरम झाल्यावर पटकन सुरू होत नसेल तर इंजेक्टर किंवा पंप कमजोर झालेला असतो.

डिझेल, सीएनजी आणि पेट्रोल

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्या बीएस-सहा मानकाच्या आहेत. यातल्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. फक्त गाव ते तालुका अशा दहा किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत जाळी चोंदते, दिवा लागतो, पिकअप जातो. साफसफाई अर्धवट राहिली तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी चक्क वाढलेली दिसते. ऑइल कमी होणं जसं वाईट, तसं वाढणंही वाईट. घेणाऱ्याचं स्वतःचं फिरणं गावापुरतंच असेल तर अशी डिझेल घ्यावी का, याचाही विचार व्हावा.

सीएनजी गाडी पेट्रोल आणि गॅस अशी दोन्हीवर चालवून पाहावी. वर्षानुवर्षं गॅसवरच चाललेल्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर जाम होतात आणि पेट्रोलवर टाकली की ती बंद पडते. कोरड्या गॅसमुळे व्हॉल्व्हच्या बैठकाही झिजू शकतात, त्यानं कॉम्प्रेशन उतरतं. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढवलेलं आहे का आणि टाकीची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट झालेली आहे का, हे कागद पाहून ठरवावं. या टेस्टची तारीख चुकलेली टाकी म्हणजे थेट जिवाशी खेळ.

पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्याच्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. अशा गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप कडक झालेत का, भेगा पडल्यात का आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो का, एवढं तरी पाहावं.

पाण्यात बुडालेली गाडी

सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीनं मराठवाड्यात पिकांबरोबर घरं आणि वाहनंही पाण्याखाली गेली. पूर ओसरल्यावर काही महिन्यांनी अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात, आणि त्या दूरच्या जिल्ह्यात विकल्या जातात. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला होता, त्यामुळे तिकडच्या पासिंगची गाडी स्वस्तात मिळत असेल तर जास्त काळजीनं पाहावी.

पाण्यात गाडी सुरू करायचा प्रयत्न झाला असेल तर इंजिनाचं मोठं नुकसान होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडाच वाकला तर गाडी चालते, पण ठोके देत राहते आणि कधीतरी रॉड तुटून इंजिन फुटतं. ओळखायच्या खुणा इंजिनाबाहेरच सापडतात. मॅटिंग उचलून खालचा पत्रा पाहावा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ आहे का ते पाहावं, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आणि सीटखालच्या नटांवर गंज शोधावा. बंद काचांच्या गाडीत कुबट वास मारत असेल तर अत्तराची बाटली का लावली आहे, हेही समजतं.

मीटर आणि इंजिन नंबर

मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेक-क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंग चकचकीत झिजलेलं, ड्रायव्हरची सीट बसलेली, असा मेळ जुळत नाही. मीटर मागे घेणं अवघड राहिलेलं नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी गेली असेल तर प्रत्येक वेळचे किलोमीटर त्यांच्या संगणकात नोंदलेले असतात. मालकाला सोबत घेऊन ती नोंद मागावी. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्या तिन्ही पाळ्यांत धावतात. एखादी गाडी आधी पिवळ्या पाटीवर होती आणि नंतर खासगी झाली का, हे आरसीवरून कळतं.

इंजिनावर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. इंजिन बदललेलं असेल आणि आरटीओत नोंद नसेल तर गाडी नावावर करताना अडकते, चोरीच्या इंजिनाचा संशय आला तर चौकशीही मागे लागते. एमएच-२० पासिंगची गाडी जिल्ह्यातलीच असते. दुसऱ्या आरटीओची असेल तर ना-हरकत आणि २९, ३० नंबरचे फॉर्म, कर्ज असेल तर ते फिटल्याचा ३५ नंबरचा फॉर्म, हे सगळं इसार देण्याआधी पाहावं. राज्यातल्या राज्यात व्यवहार झाला तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडीबाजारवाल्यांसाठीही १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र घेण्याचा नियम आहे. ते दाखवा म्हणण्यात संकोच कसला?

हजार रुपये वाचवू नका

एवढं पाहून गाडी पसंत पडली तरी शेवटचा शब्द आपल्या ओळखीच्या मेकॅनिकचा असावा. विकणाऱ्यानं सुचवलेला मेकॅनिक नको. त्याला हजार-दीड हजार रुपये आणि जाण्या-येण्याचा खर्च द्यावा लागला तरी तो वसूल होतो. त्याच्याकडून दोन कामं नक्की करून घ्यावीत. पहिलं, स्कॅनर लावणं. संगणकातल्या चुकांची नोंद कालच पुसली असेल तर स्कॅनर गाडीच्या अंतर्गत चाचण्या अपूर्ण दाखवतो, त्यावरून चलाखी कळते. दुसरं, कॉम्प्रेशन टेस्ट. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एकाचा आकडा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरची रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट गेलेलं आहे.

नंतर भावाचं बोलावं. माउंटिंग, टप्पेट, बेल्ट, फिल्टर, किरकोळ गळती, क्लच प्लेट हे दोष किंमत कमी करायला उपयोगी पडतात. मेकॅनिकनं सांगितलेला खर्च सरळ रकमेतून वजा करायला सांगावं. ऑइलमध्ये पाणी, बेअरिंगची ठकठक, उडणारं झाकण, गरम झाल्यावरचा निळा किंवा पांढरा धूर आणि पुराची खूण, या पाच गोष्टींत मात्र स्वस्त मिळते म्हणून गाडी घेऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. तेव्हा त्याच मॉडेलची नवी गाडी आज कितीला पडते, हे शोरूममध्ये विचारूनच जुन्या गाडीची बोली लावावी.

इसार देण्याची घाई विकणाऱ्याला असते. "दुसरं गिऱ्हाईक बसलंय, दुपारपर्यंत गाडी राहणार नाही" हे वाक्य प्रत्येक बाजारात ऐकायला मिळतं. जाऊ द्यावी. बाजारात गाड्या रोज येतात. घरच्यांनी वर्षभर राबून जमवलेले पैसे मात्र एकदाच हातात येतात, त्यामुळे एक सकाळ लवकर उठून थंड बॉनेटवर हात ठेवायला कोणी कंटाळा करू नये.